ट्यूब लावली की पन्नासची लेन्स मॅक्रो होते, पण आधी उजेडाचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅनन १५००डी, तिच्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५०, आणि नंतर हौसेने घेतलेली ५० मिमी एफ/१.८ एसटीएम. गच्चीवरच्या कुंड्यांमधले कोळी, अळ्या, मुंग्या जवळून टिपायच्यात. अशा अगदी जवळच्या फोटोंसाठीची, म्हणजे मॅक्रो लेन्स चांगली घ्यायची तर बॉडीपेक्षा महाग पडते. मग एक्स्टेन्शन ट्यूब घ्यावी का, कोणती घ्यावी आणि कुठल्या लेन्सवर लावावी?

घ्या. कॉन्टॅक्टवाला, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यातला विजेचा जोड टिकवणारा संच घ्या आणि तो पन्नासच्या लेन्सवर लावा. उरलेल्या पैशांतले थोडे फ्लॅशसाठी राखून ठेवा. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम इतक्या लवकर लिहितोय. मॅक्रो शिकायला माझ्याकडे येणारे बहुतेकजण ट्यूब घेऊन थांबतात, उजेडाचा विचार करत नाहीत आणि दोन महिन्यांत संच कपाटात जातो. दोष ट्यूबचा नसतो.

ट्यूब म्हणजे पोकळ कडं, आत काच नाही. लेन्स सेन्सरपासून जितकी पुढे जाईल तितक्या जवळच्या वस्तूवर फोकस होतो. पन्नासच्या लेन्सची फोकस रिंग फिरवता तेव्हा आतल्या काचा पुढे सरकतात, त्यात हेच चाललेलं असतं. फक्त कंपनीने ते एका जागी थांबवलेलं असतं. तुमच्या एसटीएमला तो थांबा ३५ सेंटीमीटरवर आहे. ट्यूब त्या थांब्याच्या पुढे नेते. काच नसल्यामुळे स्वस्त ट्यूब आणि महाग ट्यूब यांच्यात फोटोच्या दर्जाचा म्हणावा तसा फरक पडत नाही. फरक असतो तो कड्याच्या फिटिंगचा आणि विजेच्या कॉन्टॅक्टचा. बदल्यात एक गोष्ट जाते: ट्यूब लावलेली असताना लांबचं काही फोकस होत नाही. समोर भारद्वाज येऊन बसला तरी त्याचा फोटो मिळणार नाही.

आता हिशेब. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेन्थ (५० मिमी, २५० मिमी हा आकडा), एवढं मॅग्निफिकेशन वाढतं, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराच्या किती पट उमटते तो आकडा. डीएसएलआरसाठीच्या संचात बहुतेक वेळा १२, २० आणि ३६ मिमीची तीन कडी असतात. तुमची पन्नासची लेन्स मुळात ०.२१ पट देते. १२ ची ट्यूब लावली की त्यात १२/५० म्हणजे ०.२४ ची भर पडते आणि एकूण ०.४५ होतात. ३६ ची लावली तर ०.७२ ची भर, एकूण ०.९३. म्हणजे जवळजवळ एकास एक, जे दाखवून मॅक्रो लेन्स विकल्या जातात. तिन्ही कडी एकावर एक चढवली तर ६८ मिमी होतात आणि दीडपटीच्या पुढे जाता येतं. पण सुरुवातीला तिकडे जाऊ नका.

आकड्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः मोजून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मुलांच्या कंपासपेटीतली फूटपट्टी खिडकीशी आडवी ठेवा. ३६ ची ट्यूब लावा, फोकस सगळ्यात जवळच्या टोकाला न्या आणि रेघा स्पष्ट दिसेपर्यंत कॅमेरा पुढे सरकवा. फोटो काढा आणि त्यात किती मिलिमीटर मावले ते मोजा. १५००डीचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे. फोटोत २४ मिमी दिसले तर २२.३ भागिले २४, म्हणजे ०.९३. हा प्रयोग करताना आणखी एक गोष्ट कळते, ती कुठल्याही आकड्याने कळत नाही. पट्टी जराशी तिरकी असली तर एकच रेघ धारदार येते, तिच्या शेजारची मऊ आणि त्यापुढची धूसर. मॅक्रोची खरी अडचण तिथेच डोळ्यांना दिसते.

अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड येण्याचं भोक, एफ/८ ला असताना (आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि ०.९३ पटीला जेवढं स्पष्ट येतं त्याची जाडी जेमतेम ०.७ मिमी असते. १२ च्या ट्यूबवर, ०.४५ पटीला, ती दोन मिलिमीटरच्या थोडी वर जाते. हा तिप्पट फरक आहे. म्हणून पहिला महिना १२ किंवा २० च्या ट्यूबवर काढा असं मी सांगतो. मुंगळा, लहान नाकतोडा, जास्वंदाच्या पुंकेसरावरचे परागकण हे सगळं त्यात छान मावतं, आणि दहातले चार फोटो जमतात. सरळ ३६ वर उडी मारली की पन्नासातला एक जमतो आणि माणूस खचतो.

तुमच्या बाकीच्या दोन लेन्सचं लवकर सांगतो. १८-५५ वर ट्यूब लावायचीच असेल तर ५५ च्या टोकाला आणि फक्त १२ ची. १८ च्या टोकाला तीच ट्यूब लावली तर फोकसची जागा इतकी जवळ येते की वस्तू पुढच्या काचेला जवळपास टेकते. ५५-२५० वर २५० च्या टोकाला ३६ ची ट्यूब फक्त ३६/२५०, म्हणजे ०.१४ ची भर घालते. मुळातले ०.३१ धरून ०.४५ च्या आसपास. हे कमी वाटेल, पण ते दोनेक फुटांवरून मिळतं. फुलपाखरं, चतुर, टाचण्या (चतुरासारखेच पण सडपातळ कीटक) जवळ गेलं की उडतात, त्यांच्यासाठी हीच जोडी बरी. कास पठारावर तर मी हीच वापरतो. तिथली सीतेची आसवं ही फुलं नखाएवढी असतात. ती जवळून टिपायच्या नादात लोक पायवाट सोडून फुलांवर गुडघे टेकतात, पुढच्या हंगामाचं बी पायाखाली जातं. लांब लेन्स आणि मागे ट्यूब असली की वाटेवर बसूनच फोटो मिळतो.

टेलिफोटोवर, म्हणजे अशा लांब लेन्सवर, खूप मोठं मॅग्निफिकेशन हवं असेल तर मात्र ट्यूब हा उपाय नव्हे. तिथे पुढून लावायची क्लोज-अप काच घ्या. रेनॉक्सची डीसीआर-१५० किंवा डीसीआर-२५० या कामासाठी नावाजलेल्या आहेत. डीसीआर-१५० ही ४.८ डायॉप्टरची, डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची; डायॉप्टर म्हणजे काचेची ताकद, चष्म्याच्या नंबरासारखी. लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या टोकाला ठेवून २५० च्या टोकाला डीसीआर-१५० लावली तर १.२ पट मिळतात. लक्षात ठेवायला सोपं आहे: आखूड लेन्सला मागून ट्यूब, लांब लेन्सला पुढून काच.

आता खरेदी. ट्यूब दोन प्रकारच्या मिळतात. साध्या, नुसत्या धातूच्या, काही शे रुपयांत येतात. कॉन्टॅक्ट असलेल्या दोन ते चार हजारांच्या आसपास पडतात, केन्कोसारख्या त्याहून महाग. तुम्ही साध्या अजिबात घेऊ नका, आणि कारण नीट समजून घ्या. कॅननच्या ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याकडून येणाऱ्या विजेवर चालतं. मध्ये साधी ट्यूब आली की ती तार तुटते, पडद्यावर अ‍ॅपर्चरच्या जागी ‘००’ दिसतं आणि लेन्स पूर्ण उघडीच राहते. एसटीएममध्ये तर फोकसची मोटरही विजेवर चालते, हाताने फिरवायची रिंगसुद्धा त्या मोटरलाच निरोप देते. म्हणजे साध्या ट्यूबवर रिंग हवी तेवढी फिरवा, काच जागची हलत नाही.

मी हे पैसे घालवून शिकलो. विक्रेत्याने ‘सगळ्या कॅननला चालते’ एवढंच सांगितलं होतं आणि तो खोटं बोलत नव्हता, ट्यूब बसत होती. आठवडाभर मी एफ/१.८ वर मुंग्यांचे फोटो काढले. त्या अ‍ॅपर्चरला आणि त्या अंतरावर स्पष्ट भाग ०.१५ मिमी जाड असतो. एका फोटोत मिशीचा एक पेर धारदार आला होता, डोकं नाही, पाय नाहीत, नुसता तेवढा पेर. मग कुणीतरी युक्ती सांगितली. लेन्स थेट कॅमेऱ्यावर लावायची, एफ/८ ठेवायचं, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (अ‍ॅपर्चर प्रत्यक्ष मिटवून दाखवणारं) बटण दाबून धरायचं आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स काढायची. अ‍ॅपर्चर तसंच अडकून राहतं. ही युक्ती चालते, मी ती वर्षभर वापरली. पण दर वेळी लेन्स काढा-घाला करताना सेन्सरवर धूळ जाते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. दोन हजार वाचवण्यासाठी एवढं करू नये.

साधी ट्यूब एकाच ठिकाणी शोभते: जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मॅन्युअल लेन्सवर, जिला स्वतःची अ‍ॅपर्चर रिंग असते. घरात काकांचा किंवा आजोबांचा झेनिट पडलेला असेल तर त्यावरची ५८ मिमीची हेलिऑस काढून बघा. ती कॅननवर बसवायला लागणारा एम४२ चा अ‍ॅडॉप्टर आणि साध्या ट्यूब मिळून हजाराच्या आत-बाहेर खर्च होतो, आणि हाताने फोकस करायला तिच्यासारखी जड, गुळगुळीत रिंग आजच्या स्वस्त लेन्सना मिळत नाही. आधी टॉर्च मारून काचेत बुरशी आहे का तेवढं बघा, कोकणातल्या घरात ती हमखास असते.

निकॉनवाल्यांसाठी दोन ओळी. जी प्रकारच्या लेन्सला अ‍ॅपर्चर रिंग नसते आणि साध्या ट्यूबवर त्या स्प्रिंगने पूर्ण मिटतात, म्हणजे तुमच्या उलट त्रास. तिथेही कॉन्टॅक्टवाल्याच घ्याव्यात. मिररलेसवाल्यांना बहुधा १० आणि १६ मिमीचा संच मिळतो. त्यांच्या बहुतेक लेन्सचा फोकस विजेवर असल्याने साध्या ट्यूबचा प्रश्नच येत नाही.

ट्यूब हातात आल्यावर तीन गोष्टी तपासा. दोन्हीकडचं माउंट, म्हणजे जोडणीचं कडं, धातूचं आहे का. बसवल्यावर खडखडतं का, आणि हलवलं की पडद्यावरचा अ‍ॅपर्चरचा आकडा येतो-जातो का. येत-जात असेल तर परत करा. तिसरं, आतून डोकावून बघा. आतली बाजू चकचकीत असेल तर उन्हात फोटोच्या मध्यभागी पांढुरका धुरकटपणा येतो. त्यावर क्राफ्टच्या दुकानातला काळा मखमली कागद आतून चिकटवला की काम होतं. कागद कॉन्टॅक्टवर किंवा सेन्सरकडच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. आणि ट्यूब जोडलेली असताना कॅमेरा बॉडीला धरून लेन्स लोंबकळत ठेवू नका. डावा हात कायम लेन्सखाली असू द्या.

आता उजेडाकडे. लेन्स सेन्सरपासून लांब गेली की तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो. पडद्यावर एफ/८ दिसत असलं तरी ०.९३ पटीला प्रत्यक्षात ते ८ गुणिले १.९३, म्हणजे एफ/१५ च्या पुढे वागतं. दोन स्टॉपना थोडं कमी इतका प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). कॅमेरा मीटरिंग लेन्समधून करतो त्यामुळे एक्स्पोजर तो सांभाळतो, पण त्यासाठी शटर मंद करतो, आणि इथे हाताची कंपनंही तेवढ्याच पटीने मोठी होतात. स्पष्ट भाग वाढवायला एफ/१६ केलं तर प्रत्यक्षात एफ/३० च्या पुढे जाता आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून या कामाला एफ/८, फार तर एफ/११. त्यापुढे जायचा मोह टाळा.

यातून सुटका फ्लॅश करतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅशसुद्धा चालतो, कारण वस्तू काही सेंटीमीटरवर असते आणि तिला फार ताकद लागत नाही. एम मोड, शटर १/२००, एफ/८, आयएसओ २००, फ्लॅश ऑटोवर. या सेटिंगला सावलीत किंवा घरात आजूबाजूचा उजेड फोटोत जवळपास येतच नाही. फोटो घडतो तो फ्लॅशच्या क्षणभराच्या लखलखाटात, आणि कमी ताकदीवर तो क्षण हजाराव्या सेकंदापेक्षाही लहान असतो. हात हलला, फूल डोललं तरी धार टिकते. स्टँडची गरज पडत नाही. माझा स्टँड मी किड्यांसाठी कधीच बाहेर काढत नाही.

पण उघडा फ्लॅश वापरू नका. एक तर लांब झालेल्या लेन्सची सावली वस्तूवर पडते, दुसरं म्हणजे किड्याच्या पाठीवर पांढरा फटक ठिपका येतो. स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या प्रोजेक्टसाठी पांढऱ्या फोमच्या ए४ शीट मिळतात, दोनेक मिलिमीटर जाडीच्या. एक आणा. खालच्या कडेपासून चार बोटांवर लेन्सच्या नळीएवढं गोल भोक कापा, किंचित लहानच, म्हणजे ते घट्ट बसेल. शीट लेन्सच्या टोकाशी चढवा आणि वरचा लांब भाग पुढे कलता ठेवा, फ्लॅशचा उजेड त्याच्यातून गाळून खाली येईल असा. सुटत असेल तर रबरबँड लावा. एवढ्याशा गोष्टीने काय होतं ते बघायचं तर एखादा लाल-काळा चित्तरंगी भुंगेरा शोधा आणि शीट लावून, न लावता असे दोन फोटो काढा. न लावता पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा जळका ठिपका येतो आणि खालचा लाल रंग गायब होतो. लावून तोच ठिपका मोठ्या, मऊ पांढऱ्या खिडकीसारखा पाठीच्या गोलाईवर पसरतो, कडा विरघळतात आणि लाल रंग त्याच्यातूनही दिसतो. भुंगेऱ्याची पाठ आरसाच असते. तुमचा उजेड जसा आहे तसा ती परत दाखवते. मी आजही नवा डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करणारी अशी शीट, केला की पहिली परीक्षा भुंगेऱ्यावर घेतो.

मागची पार्श्वभूमी मिट्ट काळी येते अशी तक्रार पुढे येईलच. फ्लॅशचा उजेड जवळ भरपूर असतो आणि लांब गेला की झपाट्याने कमी होतो, मागे काही नसेल तर काळंच येणार. किड्याच्या मागे वीतभर अंतरात पान येईल असा कोन धरा, पार्श्वभूमी हिरवी होते. पुढे बाहेरचा फ्लॅश घ्यावासा वाटला तर आधी कॅमेऱ्याचं हॉट-शू, म्हणजे वरची फ्लॅश बसवायची खाच, बघा. कॅननच्या काही स्वस्त बॉडींवर मधली पिनच नसते, तिथे साधे मॅन्युअल फ्लॅश पेटतच नाहीत. दुकानात लावून, उडवून मगच पैसे द्या.

फोकसची पद्धत बदलावी लागेल. कॉन्टॅक्टवाल्या ट्यूबवर ऑटोफोकस नावाला चालतो, पण मागे-पुढे भटकत राहतो आणि तेवढ्यात कोळी निघून जातो. लेन्सवरचं बटण एमएफवर ठेवा, शटर अर्धं दाबून कॅमेरा जागा करा, कारण एसटीएमची रिंग झोपलेल्या कॅमेऱ्यावर चालत नाही. रिंग एका जागी ठेवा आणि मग तिला हात लावू नका. फोकस करायचा तो स्वतः पुढे-मागे होऊन. कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास सोडा, हळूच पुढे झुका आणि डोळ्यात चमक आली की दाबा. सलग सात-आठ फोटो घ्या. काडीवर, देठावर काही असेल तर डाव्या हाताच्या चिमटीत देठ धरा आणि लेन्सची कड त्याच मुठीवर टेकवा. मग हात हलला तरी देठ आणि लेन्स एकत्रच हलतात. या एका सवयीने माझे जमणारे फोटो दुपटीने वाढले. ३६ च्या ट्यूबवर काचेपासून वस्तूपर्यंत साधारण सात-आठ सेंटीमीटरच उरतात, त्यामुळे मूठ आपोआप योग्य जागी येते. स्थिर वस्तू असेल तर लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट चित्र) लावून पाच किंवा दहापट मोठं करून बघा.

किड्यांवर जाण्याआधी घरातच हात बसवा. मोहरीचे दाणे, तुळशीची मंजिरी, आईच्या पैठणीचा पदर. पैठणी खिडकीशी घडी करून ठेवा आणि जरीच्या धाग्यावर फोकस करा. नुसत्या डोळ्यांना सोनेरी पट्टा दिसतो, तिथे धाग्याभोवती गुंडाळलेली चपटी तार दिसायला लागते. हे जमलं की गच्चीवर या.

गच्चीवर कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर तिथूनच सुरुवात करा. लिंबावरच्या फुलपाखराच्या लहान अळ्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, तपकिरी-काळ्या आणि मधे पांढरा पट्टा. म्हणून त्या रोज समोर असूनही दिसत नाहीत. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. धक्का लागला तर डोक्यामागून नारिंगी रंगाचा दुभंगलेला अवयव बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. त्याचा फोटो सुंदर येतो, पण त्यासाठी अळीला पुन्हा पुन्हा डिवचू नका. एकदा आपणहून दिसला तर घ्या. अळ्या हळू चालतात, नव्या माणसाला शिकायला याहून चांगलं कुणी नाही. मग उड्या मारणारे कोळी. भिंतीवर, कुंडीच्या काठावर ते सहज मिळतात, आणि समोर काही हललं की वळून थेट लेन्सकडे बघतात. समोरचे दोन मोठे डोळे धारदार आले की बाकी काही मऊ राहिलं तरी फोटो उभा राहतो.

वेळ सकाळची. नोव्हेंबर ते जानेवारीत सातच्या सुमारास कीटक गारठलेले असतात, टाचण्या दवाने भरलेल्या गवतावर बसून राहतात आणि वाराही कमी असतो. किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायची, डिंकाने चिकटवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. तसले फोटो पाय आणि मिशांच्या ठेवणीवरून ओळखूही येतात. पावसाळ्यात ट्यूब बदलायची तर घरात बदला, कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून. पिशवीत सिलिका जेल असू द्या.

मॅक्रो लेन्स मग कधी घ्यायची, हेही विचारलंय. कडी बदलण्यात फोटो हुकायला लागले, म्हणजे कोळी टिपताना शेजारी फुलपाखरू बसलं आणि ट्यूब काढेपर्यंत उडून गेलं असं दर रविवारी व्हायला लागलं, की. मॅक्रो लेन्स अनंतापासून एकास एकपर्यंत मधे न थांबता जाते आणि ९०-१०० मिमीची असली तर काचेपुढे जास्त जागा देते, तिची किंमत या दोन गोष्टींसाठी मोजायची असते. तेव्हाही सेकंडहँड टॅमरॉन ९० किंवा टोकिना १०० बघा, आणि ट्यूब विकू नका. ३६ ची ट्यूब मॅक्रो लेन्समागे लावली की एकास एकच्याही पुढे जाता येतं, आणि डिफ्यूझर तर तोच चालतो.